हापशाचा इतिहास

हापसा म्हणजे विंधन विहिरीतले पाणी हाताने वर खेचणारा पंप. महाराष्ट्रातील खेड्यांत तो 1960 नंतर दिसू लागला आणि पुढच्या तीन दशकांत देशभर पसरला. पाणी भरणे हे बायकांचे काम, ही रीत त्याने मोडली नाही. मात्र त्या कामातले कष्ट, त्याला लागणारा वेळ आणि त्यातला आजाराचा धोका या तिन्ही गोष्टी त्याने बऱ्याच कमी केल्या.

हापसा येण्यापूर्वी गावाचे पाणी आड, विहीर, बारव, तळे किंवा नदी यांवर अवलंबून असे. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोल विहीर खणणे खर्चाचे काम होते, त्यामुळे बहुतेक विहिरी उथळ राहत आणि उन्हाळ्यात आटत. मग नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि साचेल तसे पाणी वाटीने हंड्यात भरायचे. आडावर दोर-पोहऱ्याने पाणी शेंदताना तळहाताला घट्टे पडत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि कमरेवर घागर अशा खेपा पहाटेपासून सुरू होत. आईच्या मदतीला मुलगी जाई आणि तिची शाळा बुडे.

दलित स्त्रीला तर भरलेल्या विहिरीवरही हक्क नव्हता. सवर्णांपैकी कोणी वरून पाणी ओतेपर्यंत तिला लांब उभे राहावे लागे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळाने 1923 मध्ये संमत केला. त्याची अंमलबजावणी झाली नाही, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला.

पायऱ्यांच्या विहिरींतून नारू हा जंताचा रोग पसरे. रोग्याच्या पायाला झालेल्या फोडातून जंत डोके काढी. तो पाय पाण्यात बुडाला की जंताच्या अळ्या पाण्यात सुटत, तिथे त्या बारीक जलकीटकांच्या पोटात जात आणि पिण्याच्या पाण्याबरोबर दुसऱ्या माणसाच्या शरीरात पोहोचत. पाणी भरण्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरण्यावाचून बायकांना गत्यंतर नव्हते. जंत बाहेर पडायला काही आठवडे लागत आणि तेवढे दिवस रोग्याला धड चालता येत नसे.

1966-67 मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफने कठीण खडक फोडणारी विंधन यंत्रे भारतात आणली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातही गावोगाव बोअर घेतले गेले. बोअरवर जे बिडाचे पंप बसवले ते युरोप-अमेरिकेतल्या एकेका कुटुंबासाठी बनलेले होते. तिथे दिवसाला काही बादल्या पाणी निघे, इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत गाव रांगेत उभे असे. दांड्याच्या खिळी झिजत, बीड तडकत असे. 1974 च्या सुमारास युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. पंप बंद पडला की बायका पुन्हा जुन्या विहिरीची वाट धरत.

यावर उपाय महाराष्ट्रातच तयार होत होता. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशन विहिरी खोदण्याचे काम करत होते. तिथे पोलादाचा, एकाच सांध्यावर फिरणारा पंप घडला. सोलापूरच्या कारागिरांनी त्यात आणखी सुधारणा केल्या. सोलापूरच्या पंपाची खुबी त्याच्या साखळीत होती. दांड्याच्या पुढच्या टोकाला चक्राच्या पाव भागासारखा वक्र तुकडा असे आणि त्यावरून साखळी खाली लोंबे. दांडा कमानीत फिरला तरी साखळीमुळे आतली सळई सरळ वर-खाली जाई, कडेला घासत नसे. दांडा बॉल बेअरिंगवर फिरत असल्याने तो दाबायला जोरही कमी लागे.

युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी सोलापूरचा हा नमुना पुढे नेला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. त्याच्या बांधणीचे भारतीय मानक 1979 मध्ये निघाले, त्यामुळे कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग कोणत्याही पंपाला बसू लागला. पंधरा लिटरचा हंडा मिनिट-दीड मिनिटात भरू लागला. 250 माणसांमागे एक हातपंप, असे प्रमाण सरकारी योजनांनी धरले. झाकलेल्या बोअरच्या पाण्यात पाय बुडण्याचा प्रश्नच उरला नाही आणि नारू हटवण्याच्या मोहिमेला त्याची मोठी मदत झाली. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र राहिला. मार्क टूचा आतला वॉशर बदलायचा तर सगळा पाइप वर ओढावा लागे आणि त्यासाठी गाडी व माणसे तालुक्याहून येण्याची वाट पाहावी लागे. 1980 च्या दशकात कोइमतूर भागातल्या चाचण्यांतून ‘मार्क थ्री’ तयार झाला. त्याचा पाइप रुंद असल्याने तो न काढताच दट्ट्या बाहेर येई. दुरुस्ती गावातच शक्य झाली तशी स्त्रियाही मिस्त्री होऊ लागल्या. राजस्थानात तिलोनिया गावातल्या एका संस्थेने, तर उत्तर प्रदेशात बांदा भागात महिला समाख्या कार्यक्रमाने त्यांना प्रशिक्षण दिले. बांद्यातील यापैकी बहुतेक स्त्रिया दलित आणि कोल आदिवासी समाजातल्या होत्या आणि अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पंप बंद पडल्याचे सर्वांत आधी कळते ते पाणी भरणारीला, म्हणून दुरुस्ती तिच्या हाती असणे हेच सर्वांत उपयोगाचे ठरले. हा पंप आफ्रिकेतही पोहोचला. युगांडाचा ‘यू टू’ हा मार्क टूवरच बेतलेला आहे.

जातीचा अडसर मात्र हापशाने पूर्ण दूर केला नाही. अनेक गावांत दलित वस्तीचा हापसा वेगळा राहिला. त्यामुळे त्या बायकांची वाट पाहणे टळले, पण पाणवठा एक झाला नाही.

1980 नंतर शेतीसाठी विजेवरचे बोअर वाढले. ते अधिक खोल असल्याने पाण्याची पातळी खाली गेली आणि हापसे कोरडे पडू लागले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर महाराष्ट्राने 1993 च्या कायद्याने बंधन घातले, पण गावपातळीवर ते क्वचितच पाळले गेले. 2019 मध्ये केंद्राने घरोघरी नळ देणारी जल जीवन मिशन ही योजना सुरू केली. नळ पोहोचलेल्या अनेक गावांतही वीज गेली किंवा नळयोजनेचा उद्भव आटला की हापशाचाच आधार घ्यावा लागतो. पंप किती टिकतो हे त्याच्या बांधणीवर ठरते, पण त्याला पाणी किती काळ मिळेल हे भोवतालचे गाव जमिनीखालच्या पाण्याचा उपसा कसा करते यावर ठरते.