कॅमेऱ्यापासून इशाऱ्यापर्यंत : चित्रीकरण विश्लेषणाची 'पाइपलाइन'

पारशिवनी – उन्हाची चाहूल लागताच पेंचच्या जंगलात वणव्याची धास्ती सुरू होते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाच्या लेखी आगीचा हंगाम. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आगी लावल्या जातात आणि वाळल्या गवतातून ठिणगी दूरवर पसरते. पारशिवनी तालुक्यातील कोलितमारा परिसराचा समावेश असलेल्या या व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये धूर हेरणारी कॅमेरा प्रणाली कार्यान्वित झाली. ब्राझीलमध्ये विकसित झालेली 'पँटेरा' ही प्रणाली सुमारे १५ किलोमीटर परिघातील धूर तीन मिनिटांच्या आसपास ओळखू शकते, असे त्या वेळी सांगण्यात आले.

कॅमेरा केवळ पाहतो. 'हा धूर आहे' असा निष्कर्ष काढणारी साखळी त्याच्यामागे असते. संगणकाच्या भाषेत तिलाच 'पाइपलाइन' म्हणतात. पेंचची प्रणाली कंपनीने तयार करून दिलेली आहे. मात्र लहान प्रमाणावर अशी साखळी एखादे महाविद्यालय किंवा संस्थाही उभारू शकते.

साखळीचे टप्पे

पहिला टप्पा स्रोताचा. जाळ्याशी जोडलेले बहुतेक कॅमेरे 'आरटीएसपी' या पद्धतीने थेट चित्रण पाठवितात. दुसऱ्या टप्प्यात या चित्रणातून सुटी चित्रे वेगळी केली जातात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एकच कॅमेरा दिवसाला २१ लाख ६० हजार चित्रे निर्माण करतो. ती सर्व तपासण्याची गरज नसते. दर दोन सेकंदांना एक चित्र घेतले, तर ही संख्या ४३ हजार २०० वर येते. धुरासाठी तेवढे पुरेसे ठरते. धावत्या वाहनासाठी मात्र ते अपुरे पडेल. म्हणजेच काय टाकून द्यायचे, हा पाइपलाइनमधील पहिला महत्त्वाचा निर्णय होय.

तिसऱ्या टप्प्यात प्रशिक्षित प्रारूप प्रत्येक चित्र तपासून खात्रीचा आकडा देते. चौथ्या टप्प्यात त्या आकड्याची पारख होते. जलाशयावरचे पहाटेचे धुके, रस्त्यावरची धूळ आणि गावातील चुलींचा धूर प्रारूपाला चकवू शकतात. म्हणून वस्तीचा भाग तपासणीतून वगळणे आणि सलग अनेक चित्रांत धूर दिसल्यावरच इशारा देणे, असे नियम घातले जातात. शेवटच्या टप्प्यात संदेश रवाना होतो आणि त्या क्षणाचे चित्रण साठविले जाते.

कोड एडिटरमधील मांडणी

ही साखळी लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा मोफत एडिटर सोयीचा आहे. त्याला हवे ते 'एक्स्टेन्शन', म्हणजे पूरक जोड, लावता येते. 'पायथन'चे एक्स्टेन्शन प्रोग्रॅममधील चुका दाखविते, तर 'रिमोट-एसएसएच' या एक्स्टेन्शनमुळे मनोऱ्याजवळच्या लहान संगणकावरील फाइल नागपुरात बसून उघडता आणि दुरुस्त करता येते. चित्रणाच्या हाताळणीसाठी 'जीस्ट्रीमर' आणि 'ओपनसीव्ही' ही मुक्त साधने उपलब्ध आहेत.

प्रारंभ थेट कॅमेऱ्यापासून करू नये. आधी धुराच्या आणि धुक्याच्या ध्वनिचित्रफिती साठवून त्यांवर साखळी चालवून पाहावी. किती वेळा धूर निसटला व किती वेळा खोटा इशारा मिळाला, याची नोंद ठेवावी. समाधान झाल्यावरच कॅमेरा जोडावा. कॅमेऱ्याचा पत्ता व पासवर्ड मूळ फाइलमध्ये न लिहिता स्वतंत्र ठेवावेत आणि प्रत्येक बदल 'गिट'मध्ये नोंदवावा.

एका सेवेचा धडा

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये 'अझूर व्हिडिओ अॅनालायझर' ही सेवा चाचणी स्वरूपात आणली होती. तिच्या एक्स्टेन्शनद्वारे एडिटरमध्येच टप्प्यांचे चौकोन रेषांनी जोडून साखळी चितारता येई. या आराखड्याला 'टोपॉलॉजी' म्हणत. एकदा आराखडा तयार झाला, की केवळ पत्ता बदलून तो अनेक कॅमेऱ्यांना लावता येत असे. कल्पना उत्तम होती. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये सेवाच बंद झाली. तिच्या भरवशावर काम उभे करणाऱ्यांना पर्याय शोधणे भाग पडले.

यातून घेण्याजोगा धडा स्पष्ट आहे. साधन कोणाचेही असो. टप्प्यांची मांडणी, चाचणीच्या चित्रफिती आणि इशाऱ्याचे निकष साध्या फाइलींच्या रूपात स्वतःजवळ असावेत. तसे असल्यास सेवा बदलली, तरी काम पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागत नाही.

इशाऱ्यानंतर काय?

खात्रीची मर्यादा खाली आणली, तर खोटे इशारे वाढतात आणि काही दिवसांत त्यांकडे दुर्लक्ष होऊ लागते. ती वर नेली, तर खरी आग निसटू शकते. हा तोल संगणक नव्हे, तर जंगल ओळखणारा माणूसच ठरवू शकतो. त्यामुळे निकष ठरविताना वनरक्षक आणि अग्निरक्षकांना सोबत घेणे आवश्यक ठरते. जंगलात मोबाइलचे जाळे क्षीण असते. तेव्हा न गेलेला संदेश पुन्हा पुन्हा पाठविण्याची आणि तो पोहोचल्याची पोच घेण्याची सोयही साखळीत हवी. अखेर आग विझविण्यासाठी जाळरेषेपर्यंत माणूसच जातो. त्याच्या हाती चार मिनिटे अधिक देणे, एवढेच या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन आहे.