सालदाराच्या घरचा फोन

आमच्या मेहरूणची ओळख म्हणजे तलाव आणि बोरं. आता जळगाव शहर पार शिवाराच्या अंगावर आलंय. बोरींच्या जागी प्लॉट पडले. तरी थोडी शेती उरलीय आणि तिच्यावर आम्ही उरलोय. मी शिकलो दहावीपर्यंत. मी शाळेचा इतिहास लिहायला बसलो म्हटल्यावर कोणी हसेलही. पण मास्तर लोकांनी पोरांना शिकवायला कोणकोणती औजारं वापरली, हे शेतकऱ्याला बरोबर समजतं. वखर चांगला की वाईट, हे वखराकडे बघून कळत नाही, रानाकडे बघून कळतं.

सुरुवात अमळनेरपासून करावी लागते. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते. वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडेच होतं. तिथं त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवलं. दैनिक म्हणजे काय, तर हातानं लिहिलेला कागद. पुढं १९२८ पासून 'विद्यार्थी' हे मासिक काढलं. वर्गातला तास संपला तरी शिकवणं संपत नाही, ते पोराच्या खोलीपर्यंत गेलं पाहिजे, एवढीच त्यामागची गोष्ट. लिहिलेल्या कागदाचा एक गुण असतो. तो थांबतो. पोरानं सकाळी वाचला नाही तर रात्री वाचेल.

नंतर रेडिओ आला. १९७६ साली आकाशवाणीचं जळगाव केंद्र सुरू झालं, तेव्हा मी शाळेतच होतो. त्याचं अप्रूप फार होतं. पण रेडिओ कोणासाठी थांबत नाही. पाठ लागायचा त्या वेळेला आपण गाईला चारा टाकत असलो, तर तो पाठ हवेत गेला. पुढं टीव्हीचंही तेच झालं. औजार मोठं झालं, पण वेळ त्याच्या मालकाची राहिली.

ही वेळेची गाठ सोडवली ती एका झेडपीच्या मास्तरानं. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून गाव आहे. रणजितसिंह डिसले तिथल्या शाळेत २००९ साली लागले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. फोन त्या चौकोनी ठिपक्यांवर धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ लागतो. पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तितक्यांदा ऐका. पुढं बालभारतीच्या पुस्तकांवरही तसे कोड आले. केंद्र सरकारचं 'दीक्षा' २०१७ साली सुरू झालं, तेही त्याच वाटेनं चाललं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकी ९ शिक्षकांना वाटून टाकली. मला कोडपेक्षा हे वाटणं जास्त शिक्षकाचं वाटतं.

आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातही काम झालं. न्यूयॉर्कला नोकरी करणारे, मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेतल्या आणि लोकवर्गणीतून झेडपीच्या शाळा डिजिटल करायची मोहीम चालवली. गावानं स्वतः पैसे घातले की त्या पडद्यावर कोणी धूळ बसू देत नाही.

मग २०२० चा मार्च आला. शाळांना कुलुपं लागली. त्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. शिक्षकांचे वर्ग फोनवर भरायला लागले. शहरातल्या घरात आईचा एक फोन, बापाचा एक. सालदाराच्या घरात एकच, आणि तो बापाच्या खिशात.

माझ्या शेतावर तेव्हा सातपुड्यातलं एक पावरा कुटुंब सालानं होतं. पोरगी चौथीत. बाईंचा वर्ग भरायचा सकाळी अकराला. त्या वेळेला फोन कपाशीच्या तासात फिरायचा. बाईंच्या यादीत पोरगी रोज गैरहजर. एक दिवस बाई तोंडाला रुमाल बांधून शेतावर आल्या. खाटेवर न बसता उभ्याउभ्याच मला विचारलं, "आबा, यांच्याकडे फोन घरी किती वाजता येतो?"

"दिवा लागल्यावर. सातनंतर धरा."

तेवढं विचारून त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून धडा संध्याकाळी यायला लागला. तोही व्हिडिओ नाही, कारण रिचार्ज पुरायचा नाही. बाईंच्या आवाजातला तीन-चार मिनिटांचा ऑडिओ. हे सगळं त्या इतर शिक्षकांकडून व्हॉट्सॲपवर शिकल्या. फाइल हलकी कशी करायची, पाठीमागचा आवाज कसा काढायचा. त्याच ऑक्टोबरात सरकारचं 'निष्ठा' प्रशिक्षणही दीक्षावर ऑनलाइन सुरू झालं होतं. दिवसा पोरांना शिकवायचं, रात्री स्वतः शिकायचं. "आबा, आता आमचाही अभ्यास सुरू झालाय," असं त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या.

पोरीच्या बोलीत आणि पुस्तकाच्या मराठीत अंतर होतं. बाईंनी तिच्या आईला विचारून काही पावरी शब्द लिहून घेतले आणि पाठात घातले. त्या दिवसापासून आईही फोनजवळ बसून ऐकायला लागली. ती कधी शाळेत गेलेली नव्हती.

आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. २०२१ च्या आखाजीला ते बिऱ्हाड यावल तालुक्यात दुसऱ्या शेतावर गेलं. सालदारांच्या पोरांची शाळा अशीच सुटते. दरवर्षी नवं गाव. पोर नव्या शाळेत रुळेपर्यंत पुढची आखाजी येते. मग एखाद्या वर्षी त्याचं नावच कुठल्या हजेरीत राहत नाही. पोरीचंही तसंच होणार, असं मला वाटत होतं.

पण फोनचा नंबर बिऱ्हाडाबरोबर गेला. बाईंनी तिला यादीतून काढलं नाही. पोरगी तिकडच्या शाळेत बसेपर्यंत त्यांचा आवाज रोज सातनंतर यावल तालुक्यातल्या त्या झोपडीत जात राहिला. पोरीचं नाव पाचवीत घातलं, हे मला तिच्या बापानंच फोन करून सांगितलं. त्यानं फोन केला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बोलणं आटोपतं घेत तो म्हणाला, "ठेवतो आबा, पोरीला फोन पाहिजे."