पांढरी उंचावर का होती?

२२ जुलै २०२३. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात माणसं पुरात अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. आठवतं ना?

पूस, अरुणावती या नद्या पठारावरून वेगानं उतरतात, सोबत गाळ आणतात. पैनगंगेकडं उतार कमी झाला की पाणी पसरतं अन् गाळ खाली बसतो. काठची खोल काळी माती अशीच पुरानं दिलेली. म्हणजे पात्राबाहेरची ती सपाट जागाही नदीचीच!

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. पेरायला काळी खाली, राहायला पांढरी उंचावर. आता आपण नाले बुजवून लेआउट पाडतो अन् पूर आला की पावसाला दोष देतो. प्लॉट घेण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना एवढं विचारा : पाणी कुठवर येत होतं?