चंद्रपूर-गडचिरोलीतील व्यसनमुक्ती : कायदा आणि शुश्रूषा

चंद्रपूर व गडचिरोली हे वनजिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. विभाजनानंतर दारूच्या प्रश्नी त्यांच्या वाटा भिन्न झाल्या. गडचिरोलीत लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ साली दारूबंदी लागू झाली. तीत स्त्रियांचा वाटा मोठा होता. चंद्रपूर जिल्ह्यात व पर्यायाने कोळसा-कागदाच्या बल्लारपुरात ती २०१५ साली आली. अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन शासनाने २०२१ साली ती उठविली.

गडचिरोलीत बंदी टिकली. तथापि केवळ बंदीने तलफ शमत नाही, हे तेथेही दिसून आले. म्हणून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासन व टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने २०१६ साली 'मुक्तिपथ' हा उपक्रम आरंभिला. दारूसमवेत खर्रा व तंबाखू हेही त्याचे विषय होत. निकोटिनाने भूक मंदावते; जेथे पोषण आधीच तोकडे, तेथे खर्रा हा आहाराचाही प्रश्न ठरतो. गावोगाव संघटना, लोकशिक्षण आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार अशी या कार्याची रचना करण्यात आली. व्यसनी मनुष्यास अपराधी न लेखता रुग्ण मानावे, हे तिचे मर्म होय. कायदा शासन देते, तसेच ते काढूनही घेऊ शकते. रुग्णास सावरण्याचे काम मात्र कुटुंबाने व गावानेच करावयाचे असते. बंदी उठलेल्या बल्लारपुरासारख्या गावी या कार्याची निकड अधिकच आहे.