यूरोपीय फॉर्म्युला–टू अजिंक्यपद स्पर्धा, १९६८

एक-आसनी, उघड्या चाकांच्या शर्यती मोटारगाड्यांच्या दुय्यम वर्गातील यूरोपीय स्पर्धेचा दुसरा हंगाम. एप्रिल ते ऑक्टोबर १९६८ या काळात पश्चिम जर्मनी, ब्रिटन, स्पेन, ऑस्ट्रिया, नेदर्लंड्स व इटली या देशांत मिळून नऊ शर्यतींमध्ये तो पार पडला. फ्रेंच चालक झां-प्येअर बेल्त्वाझ (१९३७–२०१५) याने ‘मात्रा’ गाडीतून अजिंक्यपद मिळविले व त्याचाच देशबांधव आंरी पेस्कारोलो दुसरा आला. तथापि मोटारशर्यतींच्या इतिहासात हा हंगाम मुख्यत्वे लक्षात राहिला आहे, तो पहिल्याच शर्यतीत झालेल्या जिम क्लार्क (१९३६–६८) याच्या अपघाती मृत्यूमुळे. तत्कालीन सर्वश्रेष्ठ समजल्या जाणाऱ्या या चालकाचा अंत दुय्यम दर्जाच्या शर्यतीत झाला आणि त्यातून शर्यतमार्गांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने शर्यती गाड्यांचे वर्ग आखून दिले. त्यांतील सर्वांत शक्तिमान गाड्यांचा वर्ग फॉर्म्युला–वन आणि त्याखालचा फॉर्म्युला–टू होय. हा दुसरा वर्ग १९४८ पासून अस्तित्वात आला. १९५२ व १९५३ या दोन वर्षी तर चालकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही याच वर्गाच्या नियमांनुसार खेळविली गेली. पुढे हा वर्ग काही काळ लुप्त झाला, पुन्हा आला आणि १९६४ ते १९६६ या काळात एक लिटर क्षमतेच्या एंजिनांवर चालला. १९६६ मध्ये ब्रॅबम–होंडा गाड्यांनी या वर्गात जवळजवळ निर्विवाद वर्चस्व गाजविले. १९६७ मध्ये एंजिनाची मर्यादा १,६०० घ. सेंमी. पर्यंत वाढविण्यात आली व त्याच वर्षी विखुरलेल्या शर्यतींना एकत्र गुंफून यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू करण्यात आली. पहिले अजिंक्यपद बेल्जियमच्या जाकी इक्स या तरुण चालकाने मात्रा गाडीतून पटकाविले.

गाड्या व एंजिने : नव्या नियमांप्रमाणे एंजिनात सहापेक्षा अधिक सिलिंडर असू नयेत आणि त्याचा मूळ ठोकळा मोठ्या प्रमाणावर उत्पादन होणाऱ्या मोटारीचा असावा, अशा अटी होत्या. खर्चाला आळा बसावा व सर्वसामान्य वाहन-उद्योगाशी शर्यतींचा संबंध राहावा, हा त्यांमागील हेतू होता. ब्रिटिश अभियंता कीथ डकवर्थ याने फोर्ड कोर्टिना या कौटुंबिक मोटारीच्या ठोकळ्यावर प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेले शिर बसवून ‘कॉसवर्थ एफव्हीए’ हे एंजिन सिद्ध केले. ते दोनशेहून अधिक अश्वशक्ती देत असे. ते कोणत्याही संघाला विकत घेता येत असल्याने बहुसंख्य गाड्यांत तेच दिसे. याच अभिकल्पाच्या अनुभवावर त्याने फॉर्म्युला–वनसाठी आठ सिलिंडरांचे प्रसिद्ध डीएफव्ही एंजिन तयार केले. फेरारी कंपनीने मात्र स्वतःचे सहा सिलिंडरांचे ‘दीनो’ एंजिन वापरले. उत्पादनाची अट पुरी व्हावी म्हणून फिआट कंपनीने हेच एंजिन बसविलेली ‘फिआट दीनो’ ही मोटार बाजारात आणली होती.

गाड्यांचे सांगाडे प्रामुख्याने ब्रॅबम, लोटस, लोला, मात्रा व टेक्नो या निर्मात्यांचे असत. यांपैकी मात्रा ही मूळची विमानविद्या व क्षेपणास्त्रे या क्षेत्रांतील फ्रेंच कंपनी होती. झां-ल्यूक लागार्देर याच्या प्रेरणेने ती शर्यतींत उतरली आणि विमानबांधणीतील तंत्रे तिने मोटारींच्या सांगाड्यांत आणली.

श्रेणीबद्ध चालक व गुणपद्धती : पहिल्या सहा क्रमांकांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ व १ असे गुण मिळत. मात्र या स्पर्धेचे खास वैशिष्ट्य म्हणजे श्रेणीबद्ध चालकांसंबंधीचा नियम. जागतिक पातळीवर यश मिळविलेल्या चालकांची एक यादी महासंघ जाहीर करीत असे. या यादीतील चालकांना शर्यतीत भाग घेण्याची मुभा होती परंतु अजिंक्यपदासाठी गुण मिळत नसत. त्यांच्यामागून येणाऱ्या पहिल्या श्रेणीबाह्य चालकाला पहिल्या क्रमांकाचे गुण दिले जात. त्यामुळे नवोदितांना नामांकित चालकांशी प्रत्यक्ष झुंज देऊन आपली पात्रता सिद्ध करता येई आणि आयोजकांनाही मोठी नावे फलकावर लावता येत.

नामांकितांनी गुणांची आशा नसताना या शर्यतींत उतरावे, याची कारणे व्यावहारिक होती. त्या काळी जागतिक स्पर्धेच्या शर्यती थोड्या असत. १९६८ मध्ये त्या केवळ बारा होत्या. १ जानेवारीस दक्षिण आफ्रिकेतील शर्यत झाल्यावर पुढची शर्यत थेट १२ मे रोजी स्पेनमध्ये होती. मधल्या काळात गाडी हाती ठेवणे व आयोजकांकडून सहभागाचे मानधन मिळविणे या दोन्ही गोष्टी फॉर्म्युला–टूमध्ये साधत.

हॉकनहाइमची शर्यत : हंगामाची सुरुवात ७ एप्रिल रोजी पश्चिम जर्मनीतील हायड्लबर्ग शहराजवळच्या हॉकनहाइम शर्यतमार्गावर झाली. सु. ६.८ किमी. लांबीचा हा मार्ग १९६६ मध्ये नव्याने बांधण्यात आला होता. प्रेक्षागृहांनी वेढलेला वळणावळणांचा भाग सोडला, तर उरलेला मार्ग घनदाट अरण्यातून जात असे. तेथे चालक पूर्ण वेगाने गाडी हाकीत. कडेला वृक्षराजी होती आणि गाडी व झाडे यांच्यामध्ये कोणताही कठडा नव्हता.

जिम क्लार्क या शर्यतीत लोटस–४८ गाडीतून उतरला होता. स्कॉटलंडमधील शेतकरी कुटुंबातला हा चालक १९६३ व १९६५ या वर्षांचा जगज्जेता होता. १९६५ मध्येच त्याने अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली होती. १९६८ च्या १ जानेवारीस दक्षिण आफ्रिकेत मिळविलेला त्याचा विजय जागतिक स्पर्धेतील पंचविसावा होता व त्याने आर्जेंटिनाच्या फान्जो याचा चोवीस विजयांचा उच्चांक मागे टाकला होता. हॉकनहाइम येथे मात्र पावसाने मार्ग ओला होता आणि क्लार्क आघाडीच्या गाड्यांच्या बराच मागे होता. पहिल्या भागाच्या पाचव्या फेरीत, अरण्यातील वेगवान टप्प्यावर, त्याची गाडी एकाएकी मार्गाबाहेर फेकली जाऊन झाडांवर आदळली. क्लार्क मृत्यू पावला. त्या ठिकाणी प्रेक्षक नव्हते व दुसरी गाडीही जवळ नव्हती. मागील चाकाच्या टायरमधील हवा हळूहळू कमी होत जाऊन गाडीवरील ताबा सुटला असावा, असे अनुमान सामान्यतः मान्य केले जाते. त्याचा संघ-सहकारी ग्रॅहॅम हिल याने शर्यतीतून माघार घेतली. शर्यत मात्र पुढे चालूच राहिली आणि दोन्ही भाग मिळून बेल्त्वाझ विजयी ठरला.

हा मृत्यू चालकवर्गाला विशेष अस्वस्थ करून गेला, कारण क्लार्क हा चुका न करणारा चालक म्हणून ओळखला जाई. इतका कुशल चालकही यांत्रिक बिघाडापुढे हतबल होत असेल, तर केवळ कौशल्याच्या भरवशावर कोणीच सुरक्षित नाही, ही जाणीव सर्वांना झाली.

उर्वरित हंगाम : आठवडाभरातच, १५ एप्रिल रोजी, ईस्टरच्या सोमवारी दक्षिण इंग्लंडमधील थ्रक्स्टन या जुन्या विमानतळावरील मार्गावर दुसरी शर्यत झाली. ती यॉखेन रिंट (१९४२–७०) याने जिंकली. दुसऱ्या आलेल्या बेल्त्वाझला मात्र पहिल्या क्रमांकाचे नऊ गुण लाभले. माद्रिदजवळील हारामा येथे बेल्त्वाझ स्वतःच विजयी झाला. याच ठिकाणी जॅकी स्ट्यूअर्टच्या मनगटाचे हाड मोडले व त्यामुळे त्याला जागतिक स्पर्धेच्या दोन शर्यतींना मुकावे लागले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानातील शर्यत व व्हिएन्नानजीक टुल्न–लांगेनलेबार्न या लष्करी विमानतळावरील शर्यत रिंटने जिंकली. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधील झांडव्होर्ट येथे २८ जुलै रोजी बेल्त्वाझने तिसरा विजय मिळविला परंतु या शर्यतीतही दुसऱ्या गाडीशी टक्कर होऊन क्रिस लँबर्ट हा तरुण ब्रिटिश चालक प्राणास मुकला. सिसिलीतील पेर्गूझा सरोवराभोवतीच्या एन्ना मार्गावर पुन्हा रिंट अग्रेसर राहिला. ऑक्टोबरमध्ये फेरारीच्या दीनो गाड्यांना सूर गवसला आणि एर्नेस्तो ब्रांबिल्ला याने हॉकनहाइम येथील दुसरी शर्यत व रोमजवळच्या व्हाल्लेलुंगा येथील अखेरची शर्यत जिंकली.

अशा रीतीने नऊपैकी चार शर्यती जिंकणाऱ्या रिंटचे नाव गुणतक्त्यात कोठेच आले नाही, तर तीन शर्यती जिंकणारा बेल्त्वाझ विजेता ठरला. यात बेल्त्वाझला उणेपणा नाही. मूळचा मोटारसायकल-शर्यतींतील हा राष्ट्रीय विजेता १९६४ मध्ये रँस येथील अपघातात जबर जखमी झाला होता व त्याच्या डाव्या हाताच्या कोपराची हालचाल कायमची मर्यादित झाली होती. तरीही त्याने नव्या उमेदीने मोटारशर्यतींत पुनरागमन केले. ओल्या मार्गावरील त्याचे प्रभुत्व पुढे १९७२ मध्ये भर पावसात जिंकलेल्या मोनाकोच्या शर्यतीत पुन्हा दिसून आले.

परिणाम : १९६८ हे वर्ष या क्षेत्रास अत्यंत घातक ठरले. क्लार्कनंतर मे महिन्यात इंडियानापोलिस येथे माइक स्पेन्स, जूनमध्ये जर्मनीतील डोंगरी शर्यतीच्या सरावात लुदोव्हीको स्कारफ्योत्ती आणि जुलैमध्ये रूआं येथे जो श्लेसेर हे चालक मरण पावले. शर्यतमार्गावर कठडे, वैद्यकीय साहाय्य व अग्निशामक व्यवस्था असावी, अशी मागणी स्ट्यूअर्ट १९६६ मधील स्वतःच्या अपघातापासून करीत होता. तोवर भित्रेपणा म्हणून हिणविल्या गेलेल्या या मागणीला आता चालक-संघटनेचे बळ मिळाले. १९७० मध्ये चालकांच्या आग्रहामुळे जर्मनीची जागतिक शर्यत न्यूर्बुर्गरिंगहून हॉकनहाइम येथे हलविण्यात आली. तत्पूर्वी तेथे अरण्यातील टप्प्यांवर पोलादी कठडे उभारून वेग कमी करणारी आडवळणे घालण्यात आली. त्यांपैकी पहिल्यास क्लार्कचे नाव देण्यात आले. ही शर्यत रिंटने जिंकली. पुढच्याच महिन्यात मोंत्सा येथे त्याचाही अपघाती अंत झाला व त्याला जगज्जेतेपद मरणोत्तर मिळाले. आसनपट्टे फॉर्म्युला–वनमध्ये १९७२ पासून सक्तीचे झाले.

तथापि सुधारणांची गती मंद होती. १९७४ चा यूरोपीय फॉर्म्युला–टू विजेता पात्रीक दपाये १९८० मध्ये हॉकनहाइम येथेच सरावाच्या वेळी मृत्यू पावला आणि त्यानंतरच, १९८२ मध्ये, संबंधित वळणावर आणखी एक आडवळण घालण्यात आले. क्लार्कच्या अखेरच्या शर्यतीत भाग घेतलेल्यांपैकी मॅक्स मोझ्ली हा पुढे १९९३ ते २००९ या काळात आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा अध्यक्ष झाला. १९९४ नंतरच्या व्यापक सुरक्षा-सुधारणा त्याच्याच कारकीर्दीत झाल्या.

यूरोपीय फॉर्म्युला–टू स्पर्धा १९८४ पर्यंत चालू राहिली. क्ले रेगाझोनी, रॉनी पीटर्सन, झाक लाफित, रने आर्नू इ. नामवंत चालक तिच्या विजेत्यांत मोडतात. १९८५ मध्ये तिची जागा फॉर्म्युला–३००० ने घेतली. फॉर्म्युला–टू हे नाव २०१७ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा प्रचारात आले. हॉकनहाइमचा अरण्यातील मार्ग २००२ मध्ये बंद करून तेथे वृक्ष लावण्यात आले. क्लार्कचा स्मृतिस्तंभ मात्र त्या परिसरात जतन केलेला आहे.