आजीने वाचलेली ओळ

मागच्या वर्षी आजीला डोळे तपासायला घेऊन गेलो. तिने तक्त्यावरची ६/१२ ची ओळ धडाधड वाचली. "मोतीबिंदू आहे, पण नजर ठीक आहे, घाई नको," डॉक्टर म्हणाले. हीच आजी घरी पांढऱ्या कपात दूध ओतताना सांडते. चहा मात्र बरोबर भरते! म्हटलं, हा आकडा मोजतो तरी काय ते बघू.

तो तक्ता युट्रेख्टच्या हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांचा, १८६२ सालचा. प्रत्येक अक्षर ५ बाय ५ चौकटींत बसवलेलं, म्हणजे आपल्या भाषेत पिक्सेल ग्रिडच. ६/१२ म्हणजे काय? चांगल्या नजरेला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. इतकं साधं आणि टिकाऊ स्टँडर्ड मी ऑफिसात तरी पाहिलेलं नाही.

मोतीबिंदूसाठी हा आकडा बराच काळ पुरलाही. कारण तेव्हा ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि नंतर जन्मभर जाडजूड चष्मा. त्यापेक्षा वाईट दिसेपर्यंत थांबलेलंच बरं. 'पिकू दे, मग काढू' या सल्ल्यामागे हेही एक कारण होतं. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात प्लास्टिकचं भिंग बसवलं. ते सगळीकडे पोचायला काही दशकं गेली, पण पोचल्यावर पिकायची वाट बघण्यात अर्थ उरला नाही. प्रश्न बदलला: अर्धवट मोतीबिंदूत माणसाला नक्की किती दिसतं?

आणि इथेच स्नेलेन कमी पडतो. त्याची अक्षरं कुट्ट काळी, मागे पांढरं. गढूळ भिंग उजेड विखुरतं, काळ्याचं राखाडी होतं, तरी वाचता येतं. वाट लागते ती फिकट गोष्टींची. संध्याकाळची पायरी. पांढऱ्या कपातलं दूध.

हे मोजायला १९८८ मध्ये पेली, रॉबसन आणि विल्किन्स यांनी वेगळा तक्ता काढला. सगळी अक्षरं एकाच आकाराची, मोठी. खाली जाताना ती लहान होत नाहीत, फक्त फिकट होत जातात. स्नेलेननंतर तब्बल १२६ वर्षांनी!

दुसऱ्या एका दवाखान्यात हा तक्ता होता. चौथ्या ओळीनंतर आजी थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, पुढं कागद कोराच आहे की."