वही आणि उंबरठा

भगिनींनो, मुलांसाठी चालविलेले एखादे काम बरे चालले आहे की नाही हे पाहायचे म्हटले, की आपण आधी वही मागतो. पट किती, हजेरी किती, वजने किती झाली? वही हवीच. परंतु आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी हे काम मुळापासून केले, ती माणसे वही मिटून उंबरठ्यापर्यंत गेली. त्यांची हकीकत या अंकात सांगावीशी वाटते.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीस गेल्या. बोर्डी हे आपल्यासारखेच समुद्रकाठचे गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरात आहे. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण मजुरांची आणि दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. 'यांना शिक्षणाची गोडीच नाही' असा शेरा लिहून या बाया मोकळ्या झाल्या नाहीत. त्या वस्तीत गेल्या. पाहतात तो आईबाप कामावर गेलेले, पोर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले. मग त्यांनी बालवाडीच त्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारल्यांची मुले गुरांमागे हिंडत, म्हणून शाळाही कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीचा तो शब्द देशभर पोचला.

मोजण्याचे काम कसे करावे हे मात्र गडचिरोलीकडून शिकावे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम हाती घेतले. शेजारच्या ४७ गावांत ते केले नाही, म्हणजे फरक कळावा. गावातल्याच बाईला शिकवून तयार केले. ती बाळाचे श्वास मोजी, वजन घेई. जन्म-मृत्यूची नोंद एकाने करायची, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून ती पुन्हा पडताळायची. हजारी ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत, ती संख्या १९९८ पर्यंत २५-२६ वर आली. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. त्यासाठी मूल गेलेल्या आईजवळ बसून, बाळाला काय झाले होते ते विचारून कारण लिहिले गेले. तेव्हा सरकारी दप्तरात बरेच मृत्यू लागलेच नव्हते असे दिसले. आकड्याने किती गेले ते कळले. का गेले ते आईने सांगितले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. आपल्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर नि कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव वाडीच्या वहीत, मूल भट्टीवर. मागे राहिलेल्यांची वजने घेतली की आकडा चांगला दिसतो, कारण सर्वांत अशक्त मूल काट्यावर चढलेलेच नसते! आता सेविकाताई मोबाईलवर नोंद करतात, पण जे मूल समोर नाही त्याचे वजन मोबाईल कोठून आणणार?

म्हणून मंडळाला माझी सूचना आहे. यंदा दिवाळीआधीच दोघी-दोघींनी वाडीवर जावे. सेविकाताईंना बरोबर घ्यावे आणि पटावरचे नाव नि घरातले मूल ताडून पाहावे. भट्टी कोणत्या गावी, मुकादम कोण, बरोबर किती लहान मुले, हे आईलाच विचारावे. पण जाताच वही उघडू नये. वही पाहिली की बाई आपल्याला हवे तेच उत्तर देते, हे आपणही घरी आलेल्या पाहुण्यांशी करतोच! आधी बसावे, पाणी मागून प्यावे, मग बोलणे काढावे. त्या गावच्या अंगणवाडीत या मुलांना आहार मिळू शकतो, तेव्हा तिकडच्या सेविकेला नावे कळवावीत. पौषात आपल्यापैकी कोणी त्या भट्टीवर एक फेरी मारून यावी आणि किती मुले खरोखर जेवली ते पाहावे.